न्यू इंग्लिश स्कूल, माध्यम मराठी

आमच्या हायस्कुलाचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. गावाचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. महाराष्ट्रात एसटीच्या खिडकीशी बसून कुठल्याही दिशेला तास-दीड तास गेलात तर एखादं न्यू इंग्लिश स्कूल लागतंच. कौलारू नाहीतर पत्र्याची इमारत, पुढे मैदान, मैदानात झेंड्याचा खांब आणि दोन गुरं, आणि कमानीवर देवनागरीत रंगवलेलं हे नाव. आत गेल्यावर कळायचं की इथे इतिहास, भूगोल, गणित, शास्त्र, कवायत सगळं मराठीतून शिकवतात. इतकंच काय, इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकवतात. आमची शाळा न्यू नव्हती, इंग्लिश तर नव्हतीच. स्कूल होती, एवढं मात्र खरं.

या नावाचं मूळ पुण्यात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि टिळकांना बरोबर घेऊन १८८० च्या जानेवारीत शाळा काढली, ती न्यू इंग्लिश स्कूल. आता हेच बघा. 'निबंधमाला' काढून मराठी माणसाला मराठीची लाज वाटू नये म्हणून झटलेला हा माणूस, आणि शाळेला नाव ठेवलं ते हे. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची चालही त्यांच्याच नावावर सांगतात. पुढे गावोगावच्या शिक्षणप्रेमी मंडळींनी आपापल्या शाळांना मोठ्या भक्तीनं तेच नाव दिलं. वाघीण पुण्यातच राहिली. आमच्याकडे पाटी आली.

मी पाचवीला हायस्कुलात गेलो ते साल १९७५. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. आमच्या थोरल्या काकांना ते आठवीत भेटलं होतं, त्यामुळे आम्हा पाचवीच्या पोरांकडे ते थोड्या असूयेनं बघत. पुढे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. असं ते पायरी पायरीनं खाली उतरत आलं आहे. हल्ली बाळ पाळण्यात असतानाच पाहुण्यांसमोर त्याला 'नोज कुठाय, नोज?' म्हणून विचारतात. बाळ बिचारं कानाला हात लावतं आणि पाहुणे टाळ्या वाजवतात.

पाचवीपूर्वी माझी इंग्रजीशी ओळख काड्यापेटीवरच्या आणि साबणाच्या वेष्टनावरच्या अक्षरांपुरती होती. पुस्तक हातात आल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून काढला. दिवाळीपर्यंत पुस्तकाचं पान असं दिसायला लागलं, की खालच्या मजल्यावर छापील इंग्रजी बिऱ्हाड आणि वरच्या मजल्यावर मराठी पोटभाडेकरू. वाचताना नजर वरच्या मजल्यावरूनच चालायची. आमच्यातले कितीतरी जण घडाघडा इंग्रजी वाचायचे. अडचण एकच होती, परीक्षेत पुस्तक नसायचं.

एका संध्याकाळी मी कंदिलाजवळ बसून स्पेलिंगं घोकत होतो. "के एन आय एफ ई नाईफ, नाईफ म्हणजे सुरी." आई पलीकडे आडाळ्यावर भाजी चिरत होती. ती थांबली.

"तो 'के' खंय गेलो?"

"तो सायलेंट आसा."

"म्हणजे काय?"

"लिवचो, पण म्हणूचो नाय."

"मगे लिवतत कशाक?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न माझा म्हणून सरांना विचारला. आमचे इंग्रजीचे सर धोतर, लांब कोट आणि काळी टोपी घालून इंग्रजी शिकवायला येत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुझे आजोबा वारले ना? पण सातबारावर त्यांचं नाव अजून आहे ना? तसाच तो 'के'. एके काळी होता, बोलायचा. आता गेला. पण नाव कमी करायला तलाठ्याकडे कोण खेपा घालतो?"

त्यानंतर बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांची पुस्तकं मी चाळली. मुक्या अक्षरांविषयी इतकं नेमकं कोणी सांगितलेलं आढळलं नाही.

आईच्या शंका तेवढ्यावर संपल्या नाहीत. 'यू म्हणजे तू' हे तिनं मान्य केलं. पण 'यू म्हणजे तुम्ही' हेही आहे म्हटल्यावर तिचा हात थांबला. "मास्तराक पण 'यू' आणि कुत्र्याक पण 'यू'?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, पण इंग्रजांच्या संस्काराविषयी तिचं मत त्या दिवशी कायमचं ठरलं. 'वी'चंही तेच. मराठीत 'आम्ही चहा घेतोय' म्हटलं की पाहुण्यानं उठावं, आणि 'आपण चहा घेऊ या' म्हटलं की बसावं. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वी'. इंग्रजांच्या घरी गेलेल्या पाहुण्याला आपण बसायचं की निघायचं हे कसं कळत असेल, याचं कोडं मला अजून आहे.

आठवीपासून व्याकरण आलं आणि इंग्रजीतली उरलीसुरली माणुसकी गेली. काकांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, ती मला वारसाहक्कानं मिळाली. त्यातली वाक्यं वाचताना या लोकांची एकमेकांशी ओळख तरी कशी झाली असेल असं वाटायचं. सरांच्या टेबलावर मात्र रेन आणि मार्टिन यांचं 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' असायचं. त्या जाडजूड पुस्तकाला हात लावायचीही आम्हाला भीती वाटे. हे रेनसाहेब म्हणजे पी. सी. रेन, आपल्या मुंबई इलाख्यातच शिक्षणखात्यात नोकरीला होते, हे मला फार उशिरा कळलं. आणि त्याहून उशिरा कळलं ते असं, की 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची गाजलेली साहसकादंबरी १९२४ साली लिहिणारे रेन म्हणजे हेच. वाळवंटातला किल्ला, बंदुका, चोरीला गेलेलं रत्न असलं सगळं ज्याच्या डोक्यात होतं, त्या माणसानं आमच्या वाट्याला अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह ठेवावं! एखाद्या आचाऱ्यानं श्रीखंड दुसऱ्या पंगतीला वाढून आपल्याला नुसतं लिंबू ठेवावं तसं झालं.

दहावीच्या पेपरात 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असे. म्हणजे सांगू तसं कर, का ते विचारू नकोस. आमच्या सगळ्या शिक्षणाचं ब्रीद त्या तीन शब्दांत होतं. 'राम ईट्स अ मँगो' हे वाक्य आलं की आम्ही डोळे मिटून 'अ मँगो इज ईटन बाय राम' करायचो. 'टू' काढा, 'सो-दॅट' घाला. 'अ‍ॅज सून अ‍ॅज' काढा, 'नो सूनर-दॅन' घाला. आमच्यातल्या हुशार मुलांचे हात यंत्रासारखे चालत. रामानं आंबा खाल्ला काय आणि आंबा रामाकडून खाल्ला गेला काय, मार्क एकच मिळायचा. आंबा हापूस होता की रायवळ, हे कोणी विचारलं नाही. निबंध पाठ, रजेचा अर्ज पाठ, मित्र नापास झाला तर त्याला धीर देणारं पत्रही पाठ. पुढे आमचा एक मित्र खरोखर नापास झाला तेव्हा त्याला धीर द्यायला आम्ही गेलो, आणि मराठीत काय बोलायचं ते कोणालाच सुचलं नाही.

या शिक्षणाची परीक्षा बोर्डाच्या आधी एसटी स्टँडवर झाली. आम्ही दहावीत होतो. गोवा जवळ, त्यामुळे पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेले गोरे प्रवासी स्टँडवर अधूनमधून दिसत. त्या दिवशी एक उंच, दाढीवाला माणूस सरळ आमच्या घोळक्याकडे आला आणि म्हणाला, "डझ धिस बस गो टू पणजी?"

पाच वर्षांत पहिल्यांदाच डायरेक्ट स्पीच आमच्या कानावर थेट पडलं. आम्ही सगळ्यांनी वर्गातल्या पहिल्या नंबराकडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते. तो काहीतरी जुळवत होता हे दिसत होतं. अखेर तो माझ्याकडे वळला आणि अत्यंत शुद्ध इंग्रजीत मला म्हणाला, "ही आस्क्ड व्हेदर दॅट बस वेंट टू पणजी."

एक शब्द चुकला नव्हता. 'धिस'चं 'दॅट' झालं होतं, 'गो'चं 'वेंट' झालं होतं, प्रश्नचिन्ह गेलं होतं. बोर्डात पैकीच्या पैकी पडले असते. तेवढ्यात गाडीच्या दारातून कंडक्टर ओरडला, "यस यस! पणजी! कम! सीट! फास्ट!" तो पाहुणा टुणकन गाडीत चढला. घंटी वाजली आणि गाडी गेलीसुद्धा. कंडक्टरचं शिक्षण किती ते ठाऊक नाही. पण त्याला 'व्हेदर' येत नसावं, आणि म्हणूनच त्याचं काम झालं.

गाडी सुटण्यापूर्वी खिडकीतून हात हलवत तो माणूस म्हणाला होता की मी जर्मनीचा. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही. पुढे कधीतरी डोक्यात प्रकाश पडला, की त्यालाही इंग्रजी शाळेतच शिकवलं असणार. त्याच्याही पुस्तकात कोणी जर्मन राम सफरचंद खात असणार. मग तो बोलला कसा? मला वाटतं, त्याला पणजीला जायचं होतं. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

ही जर्मनी परत आमच्या घरी आली ती चाळीसेक वर्षांनी. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्यात असते. अकरावीला तिनं मराठी सोडून जर्मन घेतलं. "मराठीत मार्क कापतात काका, जर्मनमध्ये देतात," असं तिनं मला फोनवर समजावलं. मला आधी वाईट वाटलं. आजोबा-पणजोबांची भाषा सोडून पोर परक्या भाषेमागे जाते, तीही प्रेमापोटी नाही, टक्क्यांपोटी! दोन-चार सुस्कारे टाकून झाल्यावर आठवलं की आम्ही आठवीत संस्कृत घेतलं होतं ते काही कालिदासावर जीव जडला म्हणून नाही. देवः देवौ देवाः पाठ केलं की पैकीच्या पैकी मिळतात असं सगळे सांगत होते, आणि शंकरशेट शिष्यवृत्तीची स्वप्नं मुलांपेक्षा पालकांनाच जास्त पडत होती. तेव्हा मी सुस्कारा आवरता घेतला.

मे महिन्यात ती कोकणात आली ती वह्या घेऊनच. दोन दिवसांत घरभर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. टेबलावर 'डेर टिश', पुस्तकांच्या कपाटावर 'दास बूख', दारावर 'डी ट्यूर'. आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मांडणीवरसुद्धा चिठ्ठ्या आल्या. चमचा 'डेर ल्योफेल', काटा 'डी गाबेल', सुरी 'दास मेसर'. पुतणीची कुरकूर चालली होती. "एकाच ताटात तिघं शेजारी ठेवलेत, आणि चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. काही अर्थ आहे का याला?"

"मग मराठीत तरी तो चमचा, ती सुरी आणि ते ताट का?" मी विचारलं.

ती गप्प झाली. मीही झालो, कारण मलाही हे त्या क्षणीच सुचलं होतं. मराठीत तीन लिंगं आहेत हे मी तिसरीत शिकलो असेन. पण जगातल्या बऱ्याच भाषांचं दोनांत भागतं आणि इंग्रजीला तर टेबलाखुर्च्यांच्या बाबतीत एकही लागत नाही, हे कधी मनात आलं नव्हतं. हिंदीत दोन. फ्रेंचमध्ये दोन, तिथे टेबल ही 'ती' असते. तीनही लिंगं जपून ठेवलेल्या जुन्या घरांत आपण आहोत आणि जर्मन आहेत. जर्मनांशी इतका घरोबा असेल असं वाटलं नव्हतं.

मग घरोबा वाढतच गेला. जर्मनमध्ये 'झेड' हे अक्षर आलं की पुतणीच्या वर्गातली परप्रांतीय मुलं अडखळतात. रेल्वेला 'त्सूक' म्हणायचं, त्यांची जीभ 'झूग' नाहीतर 'सूग' म्हणते. हिला काहीच त्रास नाही, कारण तो आपल्या चमच्यातला च. चंद्राचा नव्हे, चमच्याचा, चाकूचा, चाऱ्याचा. एकाच अक्षराचे दोन उच्चार आपण इतके सहज करतो की ते दोन आहेत हे आपल्यालाच कोणी सांगावं लागतं. 'कारण' सांगणारं वाक्य आलं की जर्मन क्रियापद मुकाट्यानं शेवटी जाऊन बसतं, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यासारखं, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर. आणि 'तू'ला एक शब्द, 'तुम्ही'ला दुसरा. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मगे ते चांगल्या घरातले दिसतत."

आकड्यांची तर गंमतच. एकवीसला जर्मन 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे एक-आणि-वीस. एकक आधी, दशक मागून, अगदी आपल्यासारखं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला होता. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की लिहायचं एक आणि म्हणायचं उलट, यात लहान मुलांचा गोंधळ होतो. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, आणि तरीही 'वीस एक' हे एखाद्या दुकानाच्या नावासारखं वाटत होतं. त्या वेळी कुणी म्हणालं असतं की जर्मन पोरांची डोकी याच खडकावर आपटतात, तर निदान दोन्हीकडच्या पालकांची एक सभा घेता आली असती. फ्रेंचांकडे मात्र जाऊ नये. ते सत्त्याण्णवला चार-वीस-दहा-सात म्हणतात. त्यांच्या दुसरीच्या मुलांना शौर्यपदकं दिली पाहिजेत.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो एका चिठ्ठीनं. गुडघ्यावर चिठ्ठी लावता येत नाही म्हणून पुतणीनं ती वहीत लिहिली होती. मी स्पेलिंग बघितलं. के एन आय ई. इंग्रजीत गुडघा 'नी', 'के' मुका. मी म्हटलं, "हा के सायलेंट ना?" ती म्हणाली, "नाही काका. क्नी. के म्हणायचा."

मी खुर्चीत बसलो. आमच्या सरांनी ज्याला मयत ठरवलं होतं, पन्नास वर्षं ज्याचं नाव आम्ही नुसतं सातबारावर वागवत होतो, तो 'के' जर्मनीत धडधाकट जिवंत होता. दुसऱ्या गावी जाऊन संसार थाटला होता त्यानं. सर आज असते तर मी हे सांगायला त्यांच्याकडे चालत गेलो असतो.

या सगळ्यात एक वाद मात्र पेटला. पुतणी तणतणत ओटीवर आली. "सुरी नपुंसक, ठीक आहे. पण मुलगी? दास मेडशेन! ते मुलगी! हा काय अपमान आहे?"

आई फणस कापत बसली होती. हाताला खोबरेल तेल लावलेलं, नजर गऱ्यांवर. ती म्हणाली, "मगे आमी काय म्हणतव?"

"काय म्हणता?"

"तो झील खंय गेलो? ती सून खंय गेली? आणि तां चेडू खंय गेलां?"

ओटीवर शांतता पसरली. मी या भाषेत लहानाचा मोठा झालो. 'तां चेडू' हे मी हजारदा ऐकलं असेल, स्वतः म्हटलं असेल. आमच्या मालवणीत आणि पलीकडे गोव्याच्या कोंकणीत मुलगी ही 'ते' असते आणि बाई झाली की 'ती' होते. जर्मनमध्येही मेडशेन 'दास', आणि तीच मोठी होऊन 'फ्राउ' झाली की 'डी'. पुतणीनं वही उघडून बघितलं. जर्मनांकडे याचं कारण असं, की शेवटी 'शेन' लागून जे जे लहान, लाडकं होतं ते ते नपुंसकलिंगी. मग आम्ही दोघं आठवू लागलो. लेकरू, कोकरू, वासरू, पाखरू, पिल्लू. सगळी 'ते'. कार्टंसुद्धा. अपमान वगैरे काही नव्हता, लाड होते. पुतणीला हे कितपत पटलं ठाऊक नाही. ती म्हणाली की लाडच करायचे तर मुलाचेही करा ना, तो का लहानपणापासून 'तो झील'? याचं उत्तर ना आईकडे होतं, ना जर्मनांकडे असावं.

माझ्या अंगात आता चांगलाच उत्साह संचारला होता. मी तिला थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली. हा इंग्लंडचा माणूस, १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि अशी शिकला की मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहून मोकळा झाला. १६१६ साली राचोलला ते छापलं. मराठीची थोरवी त्यानं ज्या शब्दांत गायली तितकं कौतुक आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांनासुद्धा जमत नाही. "आणि त्याच्याकडे ना गाईड होतं ना अपेक्षित प्रश्नसंच," मी समारोप केला. पुतणी म्हणाली, "काका, त्याला अकरावीची अ‍ॅडमिशन पण घ्यायची नव्हती." हाही मुद्दा होता.

मग विषय पोर्तुगीजांवर गेला. आपल्या घरात किती पोर्तुगीज शब्द आहेत ते मी तिला मोजून दाखवू लागलो. पाव, बटाटा, परात, चावी, काजू, अननस, घमेलं. पगारसुद्धा. "म्हणजे तुझी आजी चार बुकं शिकलेली, पण तिचं अर्धं स्वयंपाकघर पोर्तुगीज आहे," मी म्हटलं.

"चार खंय?" आई म्हणाली. "दोनच. पण ती पोर्तुगीजच."

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

आईचं माहेर पेडण्याचं. म्हणजे १९६१ पर्यंत पोर्तुगालात. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. ती लहानपणी दोन वर्षं सरकारी शाळेत गेली होती. तिथे सगळं पोर्तुगीजमध्ये. मास्तरीणबाई कडक होती, चुकलं की पट्टी. दोन वर्षांनी धाकटं भावंड झालं आणि ते सांभाळायला हिची शाळा सुटली. लग्न होऊन ती हद्दीच्या या बाजूला आली आणि तो विषय तिथेच संपला. माझ्या सगळ्या आयुष्यात तिनं हे एकदाही सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तू इचारलंस खंय?"

पुतणीनं वही बाजूला ठेवली. "आजी, काही आठवतं?"

आईनं थोडा विचार केला. "एक अक्षर होता. 'आगा' म्हणायची बाई. एच. ता लिवचा, पण म्हणूचा नाय. मी बाईक इचारलंय, मगे लिवतत कशाक? तर पट्टी मारल्यान."

मला कंदील आठवला, आडाळा आठवला आणि तो 'के' आठवला. त्या संध्याकाळी आईनं तो प्रश्न पहिल्यांदा विचारलेला नव्हता.

"आणि आकडे?" पुतणी सोडायला तयार नव्हती. शेजारी पेटीतले आंबे पेंढ्यावर काढून ठेवलेले होते. आईनं तेल लागलेला हात पदराला पुसला आणि एकेक आंबा उचलून दुसऱ्या टोपलीत टाकू लागली. "उं, दोइश, त्रेश, क्वात्रु, सिंकु..." आवाज एकदम बारीक झाला, शाळेतल्या मुलीसारखा. सैश, सेत, ओइतु, नोव्ह, देश. ओंझ. दोझ. बारावा आंबा टोपलीत पडला आणि ती थांबली.

"पुढे?"

"पुढचा शिकाक जमला नाय. शाळा सुटली."

पुतणीनं लगेच मोबाईल काढला. "थांब आजी, मी तेरा बघून सांगते."

"कशाक?" आई म्हणाली आणि दुसरा डझन पहिल्यापासून मोजायला घेतला. "आंबे बाराच्या पुढे कोण मोजता?"